फोरट्रानमधल्या उड्या आणि लेबले : लिहायची कशी, वाचायची कशी, काढायची कशी

नागपुरात फोरट्रान ही जुनी संगणकभाषा अजून रोज चालते. हवामानाच्या नोंदी, हवेतल्या प्रदूषणाच्या फैलावाचे गणित, बांधकाम आणि यंत्र अभियांत्रिकीतले जुने हिशेब, यांतले पुष्कळ कोड फोरट्रानमध्येच आहे. प्रदूषणाचा फैलाव काढणारे एर्मॉड आणि हवामानाचे डब्ल्यूआरएफ ही आजही वापरात असलेली मॉडेल्स त्याच भाषेतली. त्यामुळे प्रकल्पाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात कधी ना कधी 'गो टू'ने, म्हणजे 'अमुक लेबलवर उडी मार' या आज्ञेने, भरलेली एखादी फाईल येतेच, आणि ती वाचताना डोके गरगरते. हा लेख त्या फाईलशी दोन हात करण्यासाठी.

सुरुवातीलाच एक खुलासा. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या आणि त्यांतले आकडे रोमनमध्येच टंकायचे. व्हेरिएबलच्या नावातही फोरट्रानला रोमन अक्षरेच चालतात. शब्द मात्र मराठी ठेवून ते रोमनमध्ये लिहायला काहीच हरकत नाही.

लेबल म्हणजे काय

लेबल म्हणजे आज्ञेच्या आधी लिहिलेला १ ते ५ अंकी आकडा, १ ते ९९९९९ यांतला कोणताही. सुरुवातीची शून्ये मोजली जात नाहीत, म्हणून ००१० आणि १० हे एकच लेबल. आकड्याला किंमत नसते: ५०० नंतर ३० आले तरी कंपायलर हूं की चूं करत नाही.

सीताबर्डीजवळचा झिरो माईलचा दगड डोळ्यांसमोर आणा. गाड्या त्याच्या शेजारून जातात, तो कुणाला थांबवत नाही, वळवत नाही. लेबल अगदी तसेच आहे. प्रोग्राम वरून सरळ खाली येत असेल तर लेबलवरून तसाच पुढे जातो. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. '९० इथे चुकीचा संदेश छापा' असे लिहिले आणि त्याच्या वरच्या ओळीत 'स्टॉप' किंवा 'रिटर्न' टाकायचे राहिले, तर सगळे सुरळीत झाल्यावरही चुकीचा संदेश छापला जाणारच. चूक लेबलात नसते, वर दार लावायचे राहिलेले असते.

लेबल त्याच्या प्रोग्राम-भागापुरते असते. एका सबरूटीनमधले १०० आणि दुसऱ्यातले १०० यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. मात्र एकाच सबरूटीनमध्ये उडीची लेबले आणि 'फॉरमॅट'ची (वाचण्या-छापण्याचा साचा सांगणाऱ्या आज्ञेची) लेबले एकाच आकड्यांच्या पोत्यातून येतात. फॉरमॅटला १०० दिले की उडीसाठी १०० वापरता येत नाही, आणि फॉरमॅटच्या लेबलवर उडीही मारता येत नाही. म्हणून एक शिस्त पाळा: उडीची लेबले १० च्या टप्प्याने चढत्या क्रमाने, फॉरमॅटची ९००० च्या पुढे. मग 'गो टू २५०' वाचणाऱ्याला निदान खाली शोधायचे की वर, एवढे तरी कळते.

लेबल नेहमी आज्ञेला लागते, रिकाम्या ओळीला किंवा टिपणाच्या ओळीला नाही. तिथे करण्यासारखे काही नसेल तर 'कंटिन्यू' लिहा. ही आज्ञा काहीही करत नाही, फक्त लेबलला बसायला जागा देते.

जुना साचा आणि ७२ वा कॉलम

'.एफ' शेपटाची फाईल जीफोरट्रान हा कंपायलर जुन्या, ठराविक कॉलमांच्या साच्यात वाचतो. १ ते ५ कॉलम लेबलसाठी, ६ वा कॉलम मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, ७ ते ७२ मध्ये आज्ञा. ७३ पासून पुढचे सगळे सोडून दिले जाते, कारण पंचकार्डाच्या काळात तिथे कार्डांचे क्रमांक असत.

यातून एक फार वाईट चूक जन्म घेते. समजा ओळ लांब झाली आणि शेवटी 'गो टू १०००' आहे. त्यातले शेवटचे शून्य ७३ व्या कॉलममध्ये पडले, तर कंपायलरला दिसते 'गो टू १००'. सबरूटीनमध्ये १०० लेबल असेल तर प्रोग्राम बिनबोभाट कंपाईल होतो आणि भलतीकडेच उडी मारतो. पडद्यावर ओळ पाहिली तर १००० स्वच्छ दिसते, म्हणून तासन्‌तास शोधले तरी ही चूक सापडत नाही. '-डब्ल्यूऑल' हा पर्याय देऊन कंपाईल केले की ओळ कापली गेल्याचा इशारा मिळतो. जुनी फाईल पहिल्यांदा हातात घेताना हा पर्याय दिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

जुन्या साच्यात मोकळ्या जागेलाही अर्थ नसतो. 'गो टू', 'गोटू', 'गो  टू' सगळे एकच. 'डू १० आय = १, १०' मध्ये स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, की कंपायलर 'डू१०आय' नावाच्या व्हेरिएबलला १.१० ही किंमत देतो आणि लूप फिरतच नाही. 'इम्प्लिसिट नन' लिहिलेले असेल तर असे व्हेरिएबल जाहीर केलेले नाही म्हणून चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

'.एफ९०' शेपटाच्या फाईलीत हे कॉलम नाहीत. लेबल ओळीत कुठूनही सुरू करा, फक्त त्यानंतर मोकळी जागा सोडा.

उडी कुठे चालते, कुठे नाही

साधी 'गो टू' ही आज्ञा आजच्या फोरट्रानमध्ये पूर्ण वैध आहे. ती बाद झालेली नाही, कालबाह्यांच्या यादीतही नाही. बंधन एकच, पण पक्के: 'इफ', 'डू' किंवा 'सिलेक्ट केस'च्या पोटात बाहेरून उडी मारता येत नाही. पोटातून बाहेर मात्र येता येते. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर रॅम्पवरूनच चढावे लागते, खालच्या चौकातून थेट पुलाच्या मध्यावर जाता येत नाही. तसेच इथे. लूपच्या पोटात थेट शिरले तर मोजणीचा आकडा कुठून सुरू करायचा, किती फेऱ्या उरल्या, यातले काहीच ठरलेले नसते.

जीफोरट्रान काही वेळा अशी उडी 'जुनी सवलत' म्हणून फक्त इशारा देऊन सोडून देतो. तो इशारा चूक म्हणूनच घ्यावा. '-एसटीडी=एफ२०१८' दिले की तो सवलतींवर बोट ठेवतो.

एक पूर्ण उदाहरण : मे महिन्यातले कमाल तापमान

फाईलमध्ये दर ओळीला एका दिवसाचे नागपूरचे कमाल तापमान आहे. नोंद नसलेल्या दिवशी -९९.९ लिहिले आहे. सरासरी काढायची आहे. जुन्या पद्धतीने:

      एन = ०
      बेरीज = ०.०
१०    रीड (११, *, एन्ड=५०, ईआरआर=९०) टी
      इफ (टी .एलटी. -९०.०) गो टू १०
      एन = एन + १
      बेरीज = बेरीज + टी
      गो टू १०
५०    इफ (एन .ईक्यू. ०) गो टू ९५
      प्रिंट *, बेरीज / एन
      स्टॉप
९०    प्रिंट *, 'वाचताना चूक'
      स्टॉप
९५    प्रिंट *, 'एकही नोंद नाही'
      एन्ड

दहा वर दोन उड्या मागे जातात. एक 'हा दिवस सोड, पुढचा घे' म्हणते, दुसरी 'दिवस मोजला, पुढचा घे' म्हणते. दोघींचा अर्थ वेगळा, पण लेबल एकच असल्याने तो दिसत नाही. 'एन्ड=५०' (फाईल संपली की ५० वर) आणि 'ईआरआर=९०' (वाचताना चूक झाली की ९० वर) याही उड्याच आहेत, फक्त 'गो टू' शब्दाशिवाय. कंसातले ११ हा उघडलेल्या फाईलीचा क्रमांक. जुना कोड वाचताना नेमक्या याच नजरेतून सुटतात.

'वाईट ओळ आली तर सोडून पुढची वाचू' म्हणून कुणी 'ईआरआर=१०' करतो. ते टाळा. वाचन फसल्यावर फाईलीतली जागा कुठे आहे हे भाषेच्या प्रमाणात, म्हणजे अधिकृत नियमावलीत, ठरलेले नाही, म्हणून पुढची ओळ मिळेलच याची खात्री नाही, आणि प्रोग्राम तिथेच अडकून फिरत राहू शकतो. ओळ आधी अक्षरांच्या व्हेरिएबलमध्ये पूर्ण वाचा आणि मग त्यातून आकडा काढा. आकडा निघाला नाही तरी फाईल पुढच्या ओळीवर गेलेली असते.

तेच काम आजच्या पद्धतीने:

वाचन: डू
   रीड (११, *, आयओस्टॅट=दशा) टी
   इफ (दशा < ०) एक्झिट वाचन
   इफ (दशा > ०) एरर स्टॉप 'वाचताना चूक'
   इफ (टी < -९०.०) सायकल वाचन
   एन = एन + १
   बेरीज = बेरीज + टी
एन्ड डू वाचन

'आयओस्टॅट' सुरळीत वाचनाला शून्य, फाईल संपली की ऋण आणि चूक झाली की धन आकडा देतो. 'दशा' हे व्हेरिएबल 'इंटिजर' म्हणून जाहीर करायला विसरू नका. न जाहीर केलेले, 'डी'ने सुरू होणारे नाव फोरट्रान दशांशाचे समजतो.

'एक्झिट' म्हणजे लूपमधून बाहेर, 'सायकल' म्हणजे पुढच्या फेरीला. याही उड्याच आहेत. फरक एवढाच की त्या कुठे जाणार हे लेबल न शोधता कळते.

लूपमध्ये लूप

नाव न देता 'एक्झिट' लिहिले तर ती सर्वांत आतल्या लूपमधून बाहेर पडते. पाच वर्षांच्या नोंदींत ४५ अंशांच्या वर गेलेला पहिला दिवस शोधायचा असेल तर आतल्या लूपमधून बाहेर पडून भागत नाही, पुढचे वर्ष सुरू होते आणि सापडलेले उत्तर पुसले जाते. बाहेरच्या लूपला नाव द्या आणि 'एक्झिट वर्षलूप' लिहा. लूपचे नाव आणि व्हेरिएबलचे नाव एकच ठेवता येत नाही, म्हणून 'वर्ष' हे व्हेरिएबल असेल तर लूपला 'वर्षलूप'.

'सी' भाषेतून आलेल्यांनी एक गोष्ट पक्की करावी. लूपच्या आतल्या 'सिलेक्ट केस'मध्ये नाव नसलेली 'एक्झिट' लिहिली तर ती 'सिलेक्ट'मधून नव्हे, अख्ख्या लूपमधून बाहेर पडते.

लूप पूर्ण फिरून संपला तर मोजणीचे व्हेरिएबल शेवटच्या किमतीच्या एक पायरी पुढे असते. १ ते ३१ च्या लूपनंतर ३२. उडी मारून बाहेर आलात तर ज्या फेरीत बाहेर पडलात तीच किंमत राहते. म्हणून 'सापडले की नाही' पाहायला वेगळा झेंडा लागत नाही, 'इफ (जे > ३१)' पुरते.

जुन्या कोडात दोन लूप एकाच लेबलवर संपलेले दिसतात:

      डू २० आय = १, ५
      डू २० जे = १, ३१
      इफ (टी(जे, आय) .एलटी. -९०.०) गो टू २०
      ...
२०    कंटिन्यू

इथले २० आतल्या लूपचे धरले जाते. आतून 'गो टू २०' म्हणजे पुढचा दिवस. पुढच्या वर्षावर जायचे असेल तर या रचनेत सोयच नाही, आणि आतल्या लूपच्या बाहेरून २० वर जाणे नियमबाह्य आहे. असा सामायिक शेवट २०१८ च्या प्रमाणातून काढून टाकला गेला आहे. प्रत्येक लूपला स्वतःचा 'एन्ड डू' देणे हे जुन्या फाईलीवरचे पहिले आणि सर्वांत सुरक्षित काम.

यादीतून उडी, आणि बदलताना होणारा घात

      गो टू (१०, २०, ३०), केंद्र
१०    कॉल नागपूर
      गो टू ४०
२०    कॉल वर्धा
      गो टू ४०
३०    कॉल अमरावती
४०    कंटिन्यू

'केंद्र' १ असेल तर १० वर, २ असेल तर २० वर. हे 'सिलेक्ट केस'मध्ये बदलणे सोपे दिसते, पण दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण: 'केंद्र' ० किंवा ७ असेल तर उडी होतच नाही आणि प्रोग्राम पुढच्या ओळीवर येतो. पुढची ओळ १० आहे, म्हणजे नागपूरचाच हिशेब होतो! 'सिलेक्ट केस'मध्ये कोणताच पर्याय जुळला नाही तर काहीच होत नाही. मूळ लेखकाने हे मुद्दाम केले होते की नकळत, हे कोडवरून कळत नाही. आधी जुने वागणे जसेच्या तसे राखा, म्हणजे 'केस डिफॉल्ट'मध्येही नागपूर ठेवा. उत्तरे जुळली की मग तिथे चुकीचा संदेश टाकायचा का ते ठरवा. दोन बदल एकाच वेळी केलेत तर उत्तर का बदलले ते कळणार नाही.

दुसरे ठिकाण: एखाद्या शाखेच्या शेवटी 'गो टू ४०' नसेल तर ती शाखा खालच्या शाखेत ओघळते. कधी ही चूक असते, कधी 'वर्धेचे करून झाल्यावर अमरावतीचेही करा' असा हेतू असतो. 'सिलेक्ट केस' ओघळत नाही. म्हणून प्रत्येक शाखेची शेवटची ओळ बोट ठेवून तपासा.

तीन वाटांचा इफ

'इफ (एक्स) १०, २०, ३०' म्हणजे एक्स ऋण असेल तर १०, शून्य असेल तर २०, धन असेल तर ३०. हाही २०१८ च्या प्रमाणातून गेला. दोन लेबले सारखी असतील तर तो दोनच वाटांचा असतो, आधी ते पाहा.

कोणताही 'इफ ... गो टू' बदलताना अट उलटी करावी लागते, आणि तिथे नॅन आडवे येते. शून्याला शून्याने भागल्यासारख्या हिशेबातून येणारी ही 'संख्या नसलेली' किंमत 'बरोबर नाही' ही तुलना सोडून बाकी कोणत्याही तुलनेत खोटी ठरते. 'इफ (टी > ०) गो टू ५०' याची उलटी अट 'टी <= ०' अशी लिहिली, तर जुन्या कोडात नॅन पुढच्या ओळीवर जात होते, नव्यात ते ब्लॉक टाळून जाते. '.नॉट. (टी > ०)' असे लिहिले तर वागणे तेच राहते. दिसायला ओबडधोबड, पण आधी हेच लिहा.

'असाईन' करून व्हेरिएबलमध्ये लेबल ठेवणारी 'गो टू' १९९५ च्या प्रमाणातच काढली गेली. ती दिसली तर त्या व्हेरिएबलला कोणकोणती लेबले दिली जातात याची यादी करा, प्रत्येकाला १, २, ३ आकडा द्या आणि 'सिलेक्ट केस' लावा. 'कॉल'च्या कंसात तारांकित लेबले दिसली तर तेही उडीच: सबरूटीन 'रिटर्न १' म्हणाली की पहिल्या लेबलवर. त्याऐवजी एक पूर्णांकाचा निकाल परत घ्या.

फाईल सोडवायची कशी

आधी जुना प्रोग्राम जसा आहे तसा चालवून त्याची उत्तरे वेगळ्या फाईलीत जपून ठेवा. एक नव्हे, तीन-चार प्रकारच्या माहितीवर: साधी, रिकामी फाईल, गहाळ नोंदींची, आणि एखादी मोडकी ओळ असलेली. उड्या बहुतेक याच वाटांसाठी असतात.

मग कागद घ्या. डावीकडे प्रत्येक लेबल, उजवीकडे त्यावर येणाऱ्या सर्व ओळींचे क्रमांक. शोधताना 'गो टू' आणि 'गोटू' दोन्ही शोधा, लहान-मोठी अक्षरे न पाहता; शिवाय 'एन्ड=', 'ईआरआर=', तीन वाटांचे इफ आणि तारांकित लेबले. ज्या लेबलवर कुणीच येत नाही त्याचा इशारा '-डब्ल्यूऑल' देतो.

आता प्रत्येक बाणाची दिशा पाहा. मागे जाणारी उडी म्हणजे लपलेला लूप. पुढे जाणारी आणि लूपच्या आतच थांबणारी म्हणजे 'सायकल' किंवा 'इफ' ब्लॉक. लूपबाहेर जाणारी म्हणजे 'एक्झिट'. दोन बाण एकमेकांना छेदत असतील, म्हणजे एक दुसऱ्याच्या मधोमध उतरत असेल, तर ते शेवटी ठेवा. आजूबाजूच्या सोप्या उड्या काढल्या की ही गाठ पुष्कळदा आपोआप सैल होते.

एका वेळी एकच लेबल काढा, कंपाईल करा, जपलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. कंपायलरचे पर्याय मधेच बदलू नका, नाहीतर दशांशातले शेवटचे अंक त्यामुळेच हलतील आणि दोष उडीवर येईल. समांतर, म्हणजे फेऱ्या अनेक प्रोसेसरांवर वाटून, चालवायचा लूप असेल तर त्यासाठीच्या ओपनएमपीच्या लूपमध्ये 'सायकल' चालते, पण 'एक्झिट' किंवा बाहेर जाणारी 'गो टू' चालत नाही. तिथे रचनाच वेगळी लागते.

कोणती उडी राहू द्यावी

सबरूटीनमध्ये फाईल उघडणे, जागा घेणे, वाचणे अशी पाच-सहा कामे ओळीने असतात आणि कुठेही बिघडले तर फाईल बंद करून परत जायचे असते. अशा वेळी सगळीकडून 'गो टू ९००' आणि शेवटी एकच आवराआवर, ही रचना स्वच्छ आहे. पाच पातळ्यांच्या 'इफ'पेक्षा ती नक्कीच वाचनीय. २००८ च्या प्रमाणापासून नाव दिलेल्या 'ब्लॉक'मधूनही 'एक्झिट' घेता येते, म्हणून नवे लिहिताना तेच वापरा. 'अलोकेटेबल' म्हणून जाहीर केलेली स्थानिक जागा ('सेव्ह' नसेल तर) सबरूटीन संपताच आपोआप सुटते, उघडी फाईल मात्र आपोआप बंद होत नाही. आवराआवरीत 'क्लोज' लागतेच.

वर्षानुवर्षे तपासलेल्या जुन्या गणिती लायब्ररीतल्या उड्यांना हात लावू नका. ती जशी आहे तशी कंपाईल करा आणि बाहेरून वापरा.

आणि जी लेबले राहतील त्या प्रत्येकाच्या वर टिपणाची एक ओळ लिहा: इथे कोण येते, आणि येताना काय खरे असते. जसे, '९०० : फाईल उघडल्यानंतरच्या कोणत्याही चुकीवरून; फाईल ११ उघडी आहे'. उघडण्यातच चूक झाली तर त्यासाठी वेगळे ९१० ठेवा, कारण तिथे बंद करायला फाईलच नाही.